पंचवीस टक्के म्हणजे नक्की किती?

रानजाई

गेल्या पावसाळ्यात एका बाईला मी 'पंचवीस टक्के' समजावून सांगितले. चांगली वीस मिनिटं दिली. मध्ये तीनदा 'समजलं ना?' विचारलं, तिनं तीनदा मान हलवली, मी रजिस्टरमध्ये 'समुपदेशन झाले' लिहून तिची सही घेतली. परवा ती परत आली, साडेचार महिन्यांचं पोट घेऊन. मी दचकले ते तिनं पाहिलं आणि उलट तीच मला धीर द्यायला लागली. "ताई, तुम्हीच म्हणल्या होत्या ना, चारात एक? आमचा एक होऊन गेला की. आता तिघं चांगलीच व्हायची."

त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. कुठल्या ते विचारू नका, नोकरी टिकवायचीय. या बाईचा मुलगा पाच वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही असा आनुवंशिक आजार. दर तीन आठवड्यांनी रक्ताची पिशवी लावायला येतो. येताना पांढराफटक, चिडचिडा असतो. जाताना गाल गुलाबी आणि हातात बिस्किटाचा पुडा. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील सेंट्रिंगच्या कामावर. गाव मराठवाड्यात, राहणं इथल्या अप्पर इंदिरानगरच्या वस्तीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आई आणि वडील दोघंही थॅलेसेमिया मायनर असतात. त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण दोघांकडून बिघडलेलं जनुक एकाच बाळाकडे गेलं की बाळ मेजर होतं. ही शक्यता दर गरोदरपणात चारात एक. दर गरोदरपणात. हे दोन शब्द मी उच्चारले होते, मला पक्कं आठवतंय. तिच्यापर्यंत पोचले नाहीत, बस.

आता मी तिला सांगितलं कसं ते ऐका. आमची समुपदेशनाची 'खोली' म्हणजे व्हरांड्याच्या टोकाला एक टेबल. एका बाजूला मोडक्या व्हीलचेअर, दुसऱ्या बाजूला पाण्याचा कूलर. दार नाही. कूलरवर बाटली भरायला येणारा प्रत्येक जण आमचं बोलणं ऐकतो. माझ्या हातात चार चौकोनांचा छापील कागद: एक पांढरा, दोन अर्धे काळे, एक पूर्ण काळा. त्याची झेरॉक्सची झेरॉक्स इतक्यांदा झालीय की अर्धा काळा आणि पूर्ण काळा आता सारखेच दिसतात. वरचा मजकूर इंग्रजी.

आणि मराठीतले शब्द तरी काय दिवे लावतात! मी म्हटलं, तुम्ही दोघं 'वाहक' आहात. ती गोंधळून म्हणाली, "एसटीत असतात ते?" मी हसले, तीही हसली, आणि मला वाटलं की चला, गप्पांना रंग चढला. खरं म्हणजे तिथेच थांबून मागं जायला हवं होतं.

शेवटी मी आम्हाला शिकवलेलं वाक्य म्हटलं, "निर्णय तुमचा आहे." परवा तिनं सांगितलं की ते ऐकून तिला वाटलं, ह्यांना आता आपल्याशी काही देणंघेणं नाही.

अशिक्षित आहेत, त्यांना समजत नाही, हे उत्तर मला नकोय. ही बाई चार घरांचे पगार, खाडे, उचल आणि भिशी तोंडी सांभाळते. टक्केवारी तिला माझ्यापेक्षा बरी कळत असेल. मला वाटतं आमची पद्धतच चुकते. एकदाच, एकटीला, उभ्या उभ्या, परक्या शब्दांत सांगायचं आणि सही घ्यायची. निर्णय मात्र घरी, रात्री, सासूसमोर होणार.

तुमच्यापैकी कुणी या बाजूला बसलं असेल, किंवा त्या बाजूला, तर लिहा. मला शब्द हवेत.

~

कसबेकर

वाचतोय. 'वाहक'वरून हसलो आणि मग वाईट वाटलं. लहानपणापासून 'वाहकाची जागा' असं खिडकीवर रंगवलेलं वाचत आलोय, पण हे कधी डोक्यात आलं नाही.

एक बाळबोध शंका. आता साडेचार महिने झालेत तर काही करता येतं का?

~

रानजाई

@कसबेकर, शंका अजिबात बाळबोध नाही. वारेचा बारीक तुकडा काढून तपासतात ती वेळ अकरा ते तेरा आठवड्यांची, ती गेली. गर्भजलाची तपासणी सोळा ते वीस आठवड्यांत होते, ती अजून हातात आहे. पण त्याआधी आईवडिलांच्या जनुकात नेमका बिघाड कोणता ते माहीत असावं लागतं, नाहीतर बाळाच्या नमुन्यात शोधायचं काय? ते काम गेल्या वर्षीच व्हायला हवं होतं. मी तिला सांगितलं होतं, "पुढचं बाळ हवं असेल तेव्हा आधी या." तिनं 'आधी'चा अर्थ बाळंतपणाआधी असा घेतला. आता सगळी पळापळ चालू आहे. दोघांचं आणि मुलाचं रक्त तपासणीला गेलंय.

~

रोखठोक

माफ करा, पण थोडं कटू लिहितो. तुम्ही वीस मिनिटं दिलीत, पुन्हा पुन्हा विचारलंत, सही घेतलीत. अजून किती हात धरायचा? आमच्या कामवाल्या बाईंच्या हातात माझ्यापेक्षा महागडा मोबाइल आहे. त्यावर दिवसभर रील्स बघता येतात, मग थॅलेसेमिया शोधता येत नाही? दर वेळी यंत्रणेलाच दोष का?

~

निवृत्त मास्तर

रोखठोकजी, ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. वर्गाला 'समजलं का' विचारलं की सगळी पोरं माना हलवतात. त्याचा अर्थ 'समजलं' असा नसतो, 'गुरुजी, आता पुढं चला' असा असतो. ज्याला हे कळत नाही त्यानं खडू हातात घेऊ नये.

रानजाईताई, टक्के आणि चौकोन सोडा. चिंचोके घ्या. उभे फोडले की एक बाजू पांढरी, एक तपकिरी. खेड्यात पटाचा डाव आम्ही त्यावरच खेळायचो, फासे कोण विकत आणतंय! एक अर्धुक नवऱ्याचं, एक बायकोचं. दोन्ही एकदम टाकायचे. दोन्ही पांढरे पडले तर बाळ आजारी. एक पांढरा, एक तपकिरी पडला तर आईबापासारखं, नुसतं बाळगून असणारं. दोन्ही तपकिरी पडले तर काहीच नाही. वीसपंचवीस वेळा टाकायला लावा, तुमचे चारात एक, चारात दोन, चारात एक आपोआप दिसतील. मुख्य म्हणजे टाकायला तिला लावा. तुम्ही टाकू नका.

~

लॅबवाला

मास्तर, दंडवत.

तपासणीच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण अर्धा घोळ आमच्या टेबलावर होतो. साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) मायनरची चाहूल लागते: तांबड्या पेशी आकारानं बारीक, पण संख्येनं भरपूर. लोह कमी असेल तर पेशी बारीक असतात आणि संख्याही कमी. नेमकं निदान एचपीएलसीवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीवर; त्यातला एचबीए-टू हा प्रकार साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेला की मायनर. इथे मेख अशी की बाईच्या अंगात लोहाची कमतरता खूप असेल तर एचबीए-टू खाली येतं आणि मायनर असूनही रिपोर्ट 'नॉर्मल'च्या काठावर बसतो. आपल्या वस्त्यांतल्या गरोदर बायकांत रक्त कमी नाही अशी किती सापडतात? म्हणजे ज्यांना चाचणीची सर्वात जास्त गरज, त्यांच्याच बाबतीत चाचणी फसण्याची शक्यता जास्त. बारीक पेशी दिसल्या की 'रक्त कमी आहे, गोळ्या घ्या' म्हणून पाठवतात, तीन महिने लोहाच्या गोळ्या खाऊनही पेशी बारीकच राहिल्या तरी कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

अजून एक. बायकोचा रिपोर्ट अगदी स्वच्छ असेल तर नवऱ्याला बोलवायची गरज पडत नाही. पण तो मायनर निघाला तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. 'पुढच्या तारखेला घेऊन या' म्हटलं की पुढची तारीख महिन्यानंतरची असते आणि नवऱ्याचा खाडा होणार असतो. तो येत नाही.

~

डॉक्टर घाईत

मी बालरोगतज्ज्ञ. सकाळच्या ओपीडीत ऐंशी-नव्वद केसपेपर असतात. एका मुलाला चार मिनिटंही येत नाहीत, त्यात तपासायचं, लिहायचं, आईला ओरडायचं (हो, ओरडतो, नाही कशाला म्हणू). 'निर्णय तुमचा' या वाक्यामागचा इतिहास मात्र सांगण्यासारखा आहे. जेनेटिक काउन्सेलिंग (आनुवंशिक आजारांबद्दलचं समुपदेशन) हा शब्द १९४७ साली अमेरिकेत शेल्डन रीड या जनुकशास्त्रज्ञांनी वापरात आणला. त्याआधी सुप्रजननाच्या नावाखाली कुणी मूल जन्माला घालावं आणि कुणी नाही हे इतरांनी ठरवायचे प्रकार झाले होते, सक्तीच्या नसबंद्या झाल्या होत्या. त्यावरचा उतारा म्हणून हे आलं: माहिती द्या, दडपण आणू नका. तत्त्व सोन्यासारखं आहे. पण आपल्याकडे ते हात झटकायला वापरलं जातं. रुग्ण विचारतो, "डॉक्टर, तुमच्या मुलीच्या बाबतीत काय केलं असतं?" त्यावर पुस्तकी उत्तर दिलं की तो समजतो, यांना सांगायचं नाहीये. मी आजकाल म्हणतो, "निर्णय तुम्ही घ्यायचा, पण घेताना मी शेजारी बसतो. काय काय होऊ शकतं ते सगळं पुन्हा बोलू." वेळ लागतो. तो कुठून आणायचा ते मला विचारू नका.

~

वऱ्हाडी ठेचा

थॅलेसेमियाचं चाललंय, मी सिकलसेलचं सांगतो. मूळचा चंद्रपूरकडचा, हडपसरला कंपनीत आहे. मी एएस पॅटर्न, म्हणजे तुमच्या भाषेत वाहक; एसएस म्हणजे आजार असलेला, एए म्हणजे काहीच नसलेला. आमच्याकडे पोरासोरांनाही एएस, एसएस माहीत असतं. शाळेतच सुईचं टोक लावून रक्त घेतलं होतं. सरकारनं १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मिशन सुरू केलं, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं म्हणतात, ४० वर्षांच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी. नवरा-नवरीची कार्डं एकमेकांवर ठेवून पाहायची सोयही आहे. चांगलंच आहे.

पण पुण्यात आलो तर उलटंच. हिवाळ्यात माझ्या चुलतबहिणीला (ती एसएस) हाडं ठणकायला लागली. रात्री अडीचला एका मोठ्या रुग्णालयात नेलं. ड्युटीवरच्या पोरानं विचारलं, "दारू पिते का?" मग म्हणाला, इंजेक्शनची सवय लागली असेल. सिकलसेलच्या दुखण्याचा झटका त्यानं कधी पाहिलाच नव्हता. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नळ्यांत अडकते, पुढं रक्त जात नाही आणि जीव जाईल असं दुखतं. हे मी त्याला सांगत होतो, तो फोनवर होता. गाव सोडून पोटापाण्याला आलेला माणूस आजारही बरोबर घेऊन येतो हे शहराला माहीतच नाही.

आणि कार्डाची दुसरी बाजू. दोन ठिकाणी माझं जमता जमता मोडलं. "पोरगा सिकलसेलवाला आहे." अरे, मी एएस आहे, पोरगी एए असली तर आमच्या एकाही लेकराला आजार होऊ शकत नाही, फार तर माझ्यासारखं एएस होईल! पण समुपदेशक बाई सभेत माइकवर म्हणून गेल्या, "सिकलसेलवाल्यांनी लग्नाआधी विचार करावा." तेवढंच गावानं ऐकलं. वर 'अमक्या जातीचा आजार' हा शिक्का आहेच. ज्या भागात पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथं हे जनुक टिकलं, कारण एएस माणूस मलेरियातून जास्त वाचतो. हे कुणी सांगत नाही. हे सांगितलं असतं तर माझी मान थोडी वर राहिली असती.

~

कोकी पापड

पिंपरीहून, सिंधी. आमच्या समाजात थॅलेसेमिया मायनरचं प्रमाण जास्त, त्यामुळे आमच्या घरात पत्रिका नंतर आणि एचपीएलसी आधी. आजीच्या काळात असं नव्हतं; तिच्या बहिणीची दोन मुलं 'रक्त आटून' गेली, निदान कळलंच नाही. पुढे समाजातल्याच लोकांनी मनावर घेतलं, मंडळात, दरबारात बोलू लागले, म्हणून फरक पडला. एका डॉक्टरनं एका खोलीत सांगून पडला नसता. माझा मुद्दा इतकाच की धागालेखिकेच्या बाईंच्या पाठीशी असं कोण आहे? मराठवाड्यातून अप्परला आलेल्या कुटुंबाचा 'समाज' पुण्यात कुठे बसतो?

~

तांड्यावरची

आमचा! भिशीत बसतो. नळावर बसतो.

गंमत सोडा. माझी आई बंजारा, तांड्यावर वाढलेली, घरात गोरमाटीच बोलायची. तिला कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टर मराठीत बोलत होते, आई 'हं हं' करत होती, आणि दुभाषी कोण? माझा तेरा वर्षांचा भाऊ. त्यानं आईला काय सांगितलं असेल आणि काय गिळलं असेल, मला आजही विचारायची हिंमत नाही. पुण्याच्या वस्त्यांत वडारी आहे, पारधी आहे, कैकाडी आहे, कन्नड, तेलुगू, हिंदी, उर्दू आहे. 'मराठीत माहितीपत्रक छापलं' म्हणजे काम झालं असं नाही. घरच्याच माणसाला दुभाषी करू नका, लेकरांना तर नकोच. त्याच वस्तीतली आशाताई किंवा आधी या सगळ्यातून गेलेली एखादी आई हाताशी धरा. फक्त आशाताईला गुपित राखायचं शिकवा. नाहीतर संध्याकाळपर्यंत नळावर बातमी.

~

रोखठोक

वऱ्हाडी ठेचा, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण माझा प्रश्न तसाच आहे. इथे सुचवताय ते सगळं चांगलं, पण माणसं कुठून आणणार? डॉक्टर स्वतः म्हणतायत चार मिनिटं नाहीत.

आणि अजून एक. पोटातल्या बाळाची तपासणी म्हटलं की गर्भलिंग निदानाचा कायदा आडवा येत नाही का? दवाखान्यात पाट्या लावलेल्या असतात.

~

रानजाई

@रोखठोक, हा मुद्दा फार कामाचा काढलात, खरंच. आमच्याही भिंतीवर मोठ्या लाल अक्षरात पाटी आहे. १९८८ साली देशात सर्वात आधी महाराष्ट्रानं असा कायदा केला, १९९४ ला केंद्राचा आला, आणि तो हवाच आहे. पण तो जनुकीय आजारांच्या तपासणीला बंदी करत नाही. रक्ताचे आनुवंशिक आजार, गुणसूत्रांचे दोष यांसाठी नोंदणी असलेल्या केंद्रात, लेखी संमतीनं तपासणी करता येते. लिंग सांगायचं नाही, एवढंच. पण बायकांच्या मनात 'पोटातल्या बाळाची तपासणी = पोलिस केस' असं बसलंय. माझ्या बाईच्या सासूनं आधी हेच विचारलं: "आत तर नाही टाकणार?"

गर्भपाताचंही तसंच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बाळात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं तर २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. बाई मात्र ऐकून असते की 'तीन महिन्यांनंतर होत नाही', आणि मग गप्प बसते किंवा भलत्या ठिकाणी जाते.

माणसं कुठून आणायची? ते मलाही सांगता येत नाही. पण रक्त लावायला आलेली आई चार-पाच तास वॉर्डात पलंगाशेजारी बसूनच असते. तिला वेगळी तारीख कशाला? मी सध्या माझं टेबल सोडून तिथे स्टूल घेऊन बसते. मेट्रन नाराज आहेत.

~

आतेभावाची बायको

आयडीवरून कळलंच असेल. साताऱ्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत, माझं लग्न आतेभावाशी झालं. पहिलं मूल बहिरं निघालं तेव्हा एका डॉक्टरनं सगळ्या रांगेदेखत फाइल आपटली: "नात्यात लग्न करता आणि मग रडत येता." मी पदवीधर आहे, तरी त्यानंतर दोन वर्षं कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. मुलाची भाषेची ती दोन वर्षं वाया गेली, ती माझ्या अपराधीपणात गेली.

पुढे दुसरीकडे एका बाईंनी शांतपणे सांगितलं. कुठल्याही जोडप्याच्या मुलात जन्मतः गंभीर दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. म्हणजे शंभरातली नव्वदच्या वर तरी ठीकच होतात. तोच आकडा. एकानं तो दगडासारखा मारला, एकीनं ओंजळीत दिला. दुसऱ्या वेळी आम्ही तपासण्या करून घेतल्या.

~

जीनोमवेडा

थोडं अवांतर. गरीब असो की श्रीमंत, एक अडचण सगळ्यांना आहे. मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरसाठी जनुक तपासणी केली, उत्तर आलं 'अर्थ अनिश्चित असलेला बदल'. जगभरातल्या साठ्यात युरोपीय लोकांची माहिती जास्त, आपली कमी, म्हणून आपल्याकडे असे अनिश्चित निकाल जास्त येतात. 'जीनोम इंडिया' या सरकारी प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम (सगळी जनुकीय माहिती) वाचले, जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली, त्यानं हळूहळू फरक पडेल. पण 'अनिश्चित' हा शब्द मावशीला कसा सांगायचा? मी सांगितलं, "पोलिसांनी पकडलंय, पण गुन्हा सिद्ध नाही." तिनं विचारलं, "मग जामीन किती?" :)

~

लॅबवाला

जामीन! हे आमच्या लॅबमध्ये लावतो.

रानजाई, कागदपत्रांचंही बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत. प्रमाणपत्र काढलंय का त्या मुलाचं? पुष्कळांना कुणी सांगतच नाही. अशा मुलांच्या रक्तपिशवीवर प्रोसेसिंगचं शुल्कही घ्यायचं नसतं.

~

रानजाई

प्रमाणपत्राचा अर्ज केलाय. वाट बघतोय.

आता मास्तरांसाठी. मंडईतून पाव किलो चिंचोके आणले, अडकित्त्यानं फोडले. अर्ध्यांचा चुरा झाला, पण सहा-सात नीट निघाले. मुलाला रक्त लावायच्या दिवशी नवरा आणि सासू दोघांनाही बोलावलं. नवऱ्याच्या मुकादमाला मी स्वतः फोन केला. पलंगाच्या पायथ्याशी वर्तमानपत्र पसरलं. चौकोन नाहीत, टक्के नाहीत, वाहक नाही. 'बाळगून असणं' हा मास्तरांचाच शब्द वापरला.

एक अर्धुक नवऱ्याच्या हातात दिलं, एक तिच्या. पहिल्यांदा टाकले, दोन्ही पांढरे. कुणी बोललं नाही. पोरगा पलंगावरून वाकून बघत होता. "परत टाका," मी म्हटलं. परत दोन्ही पांढरे! माझ्याच पोटात गोळा आला. मला वाटलं डाव फसला, आता ही रडणार. तर तीच हळूच म्हणाली, "म्हंजे एकदा पांढरं पडलं म्हणून पुढच्या टायमाला पडायचं नाही असं नाय. चिंचोक्याला काय ठावं मघाशी काय पडलं ते."

वर्षभरापूर्वी वीस मिनिटांत जे मला सांगता आलं नव्हतं ते हे. मग त्यांनी वीसेक वेळा टाकले. पोरानं मोजले.

सासू इतका वेळ गप्प होती. तिनं आपल्या मुलाच्या, म्हणजे बाईच्या नवऱ्याच्या, हातातलं अर्धुक घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचं पण एक अंग पांढरंच हाय का?" मी म्हटलं, दोघांचंही. एकाचंच असतं तर नातू आजारी पडलाच नसता. पाच वर्षं सून 'खोट्या रक्ताची' होती त्या घरात. सासूनं काही कबूल वगैरे केलं नाही. फक्त सुनेला म्हणाली, "डबा खाल्लास का?"

~

निवृत्त मास्तर

डबा खाल्लास का. बरं वाटलं.

~

डॉक्टर घाईत

चिंचोके कुठल्या दुकानातून? गंभीरपणे विचारतोय. आणि अडकित्ता लागतो का, की खलबत्त्यात जमेल?

~

रोखठोक

माझी मतं फारशी बदललेली नाहीत. पण आमच्या कामवाल्या बाईंना काल विचारलं, त्यांच्या मुलीला सातवा महिना आहे, रक्त फार कमी सांगितलंय, चार महिने गोळ्या चालू आहेत. तिचा सीबीसी मी फोटो काढून आणलाय. लॅबवाला, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

~

लॅबवाला

पाहिला. पेशी बारीक आहेत आणि संख्या भरपूर आहे. एचपीएलसी करून घ्या, या आठवड्यातच. जावईही पुण्यातच असतील तर दोघांना एकदमच पाठवा, सातव्या महिन्यात पुढच्या तारखेची वाट बघण्यात अर्थ नाही. घाबरवू नका.

~

रानजाई

उशीर झाला लिहायला. गर्भजलाचा रिपोर्ट आला. एक पांढरं, एक तपकिरी. बाळ आईबापासारखं, बाळगून असणारं. आजार नाही.

मी सांगितलं तेव्हा बाईनं डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. नवरा बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला. सासूनं मात्र कागद माझ्याकडून घेतला, पुढून मागून पाहिला.

"आन् मुलगा का मुलगी?"

"ते यात नसतं, मावशी. सांगतही नाहीत."

"एवढी सुई टोचली, पाणी काढलं, इतके दिस थांबवलं, आन् तेवढंच नाय कळलं होय?"

चिंचोक्यांची पिशवी परत मागितली तर म्हणाली, शेजारणीच्या सुनेला दाखवायला नेलीय. मंडईत परत जावं लागणार.